सतरंजीवरचा हिरवा ठिपका

पडद्यावर माझी आई होती. तिच्याभोवती लाल गोल काढलेला.

रविवारची दुपार. आमच्या कॉलनीचं बारातघर, म्हणजे इथे लग्नं लागतात तो हॉल. पुढे प्रोजेक्टर, प्लास्टिकच्या खुर्च्या, मागच्या टेबलावर समोसे आणि चहा. गल्लीच्या नूतनीकरणाची बैठक चालू होती. रहिवाशांनी ‘गल्लीतल्या समस्यांचे’ फोटो काढून पाठवायचे होते, ते एकेक करून दाखवत होते. तुंबलेलं गटार. फुटपाथवर चढवलेली गाडी. लोंबणाऱ्या वायरी. आणि मग हा फोटो. पिलखनच्या झाडाखालचा दगडी कट्टा, कट्ट्यावर उन्हात बसलेल्या दोन बायका. एक इस्त्रीवाली सरोज. दुसरी माझी आई, मांडीवर ताट घेऊन मटार सोलत असलेली. वर इंग्रजीत लिहिलेलं, ‘बाहेरच्या लोकांचा जमाव’.

आई माझ्या शेजारीच बसली होती. चष्मा घरी राहिला होता, त्यामुळे अक्षरं तिला दिसली नाहीत. स्वतःची जांभळी शाल मात्र दिसली.

“अगं, मी!” तिने मला कोपराने ढोसलं. “सरोज पण आहे बघ.”

तिने पदर सारखा केला. आजूबाजूला बघितलं, कुणी ओळखतंय का. तिला वाटलं, आपला फोटो लावलाय. मान दिलाय.

तेवढ्यात प्रधानजी माइकवर म्हणाले, “ये देखिए, इनकी किटी पार्टी रोज़ चलती है।” कॉलनीच्या समितीच्या अध्यक्षांना इथे प्रधानजी म्हणतात. सगळा हॉल हसला. आईला भरभर बोललेलं हिंदी कळत नाही. सगळे हसले म्हणून तीही हसली.

तिचं ते हसणं मी कुणाला माफ करणार नाही.

माझी आई कोण आहे ते सांगते. परभणी जिल्ह्यातल्या एका गावात ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती. लहानपणी तिला वर्गाच्या दाराशी बसवायचे, पाणी वरून ओतायचे. त्याच तालुक्यात ती पुढे खुर्चीवर बसून हजेरी घ्यायला लागली. अर्धं गाव तिच्या हाताखालून गेलं. ज्यांनी तिला दाराशी बसवलं त्यांची नातवंडं तिने पाढे म्हणायला लावली, आणि चुकली तर कान पण धरले. ती कुणाला घाबरताना मी बघितली नव्हती. पोलीस पाटलालासुद्धा ती “बस बाबा, काय काम आहे?” असं विचारायची.

बाबा गेल्यावर मी तिला दिल्लीला आणलं. मी गुडगावच्या एका कंपनीत नोकरी करते. बसने ऑफिसला जाता येतं अशा, आर. के. पुरमजवळच्या एका कॉलनीत मी तळमजल्याचा फ्लॅट घेतला, माझ्या नावावर, कर्ज काढून. दिल्लीत तळमजला म्हणजे काय ते इथे हिवाळा काढल्याशिवाय कळत नाही. घरात ऊन म्हणून येत नाही. फरशी बर्फ होते. आईचे गुडघे आधीच गेलेले. सकाळी उठताना ती भिंतीला धरून आईगं आईगं करायची.

गल्लीत ऊन येणारी जागा एकच, तो कट्टा. तिथेच सरोजचं इस्त्रीचं टेबल. कामाला येणाऱ्या बायका, ड्रायव्हर, गार्ड, सगळे घटकाभर तिथे टेकायचे. आई दुपारी भाजीचं ताट घेऊन तिथे जाऊन बसायला लागली. तिचं हिंदी परभणीचं, सरोजचं बुंदेलखंडाकडचं. दोघींचं काय आणि कसं चालायचं कुणास ठाऊक, पण हसण्याचे आवाज घरापर्यंत यायचे. महिन्याभरात आई भिंतीला न धरता उठायला लागली. ऊन आणि माणसं, दोनच औषधं. मला वाटलं, चला, आई रुजली.

गल्लीत अजून एक मराठी घर आहे. पुण्याच्या काकू. नवरा मोठ्या पदावरून निवृत्त झालेला. आम्ही राहायला आलो त्याच दिवशी काकू शिऱ्याची वाटी घेऊन आल्या. “बाई गं, मराठी ऐकायला मिळालं!” म्हणाल्या. मग विचारलं, गाव कुठलं? मग, मूळचं कुठलं? मग, आडनाव? दिल्लीत आमच्या आडनावावरून कुणाला काही कळत नाही. कळतं ते मराठी माणसालाच. काकूंना कळलं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, हसू तसंच होतं. वाटी मात्र त्यांनी परत मागितली नाही. मी धुऊन परत नेऊन दिली, तर “अगं असू दे, असू दे तुमच्याकडेच” म्हणाल्या.

असो. आपल्याला ही सवय असते. वाटी घरात ठेवून घ्यायची आणि पुढे चालायचं.

मग गल्लीच्या नूतनीकरणाचं निघालं. फुटपाथ, झाडं, बसायला बाक, पाण्याचा निचरा. एका संस्थेच्या तरुण आर्किटेक्ट मुली हे काम करणार होत्या. त्यांनी दारोदार पत्रकं वाटली. गल्ली तुमची, विचारही तुमचे. लोकसहभागातून रस्ता. मला खरंच आनंद झाला. आमच्या वस्तीत रस्ता आला तेव्हा कुणाला विचारून आला नव्हता. खडी पडली, डांबर पडलं, दोन पावसाळ्यांत वाहून गेलं. इथे निदान विचारतायत. मी आईला म्हटलं, “तू जा. तू इथेच राहतेस. काय पाहिजे ते सांग.”

आई तयारीला लागली. शाळेत तपासणी असल्यासारखी. इस्त्रीची साडी, केसाला तेल. त्या दिवशी मला सुट्टी मिळाली नाही. मी संध्याकाळी वरातीमागून घोडं आल्यासारखी पोचले, तेव्हा गल्लीत फक्त रिकामे कप उरले होते. सगळं आईनेच मला सांगितलं, चहा करता करता.

गल्लीत गल्लीचेच दोन मोठे नकाशे पसरले होते म्हणे. एक टेबलावर, एक खाली. टेबलाभोवती खुर्च्या. खाली सतरंजी. प्रत्येकाला रंगीत ठिपके दिले होते, चिकटवायचे. जे आवडतं, राहू द्यायचं, त्याच्यावर हिरवा. जे नको त्याच्यावर लाल.

“मी सतरंजीवर बसले,” आई म्हणाली. “खुर्च्यांवर पाहुणे होते.”

हे इथे नीट सांगायला पाहिजे, कारण सगळं इथेच घडलं. आमच्याकडे सभा म्हणजे सतरंजी. जयंती असो, वाद असो, बोअर कुठे घ्यायची हे ठरवायचं असो, विहारासमोर सतरंज्या पडतात आणि सगळी वस्ती त्याच्यावर बसते. म्हातारे, बाया, पोरं, नोकरीवाले, बिननोकरीवाले. खुर्च्या दोन-चार, बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी. पाहुणे बोलतात आणि जातात. ठरवते सतरंजी. आई त्या सतरंजीवर बसूनच बोलायला शिकली. म्हणून दिल्लीच्या रस्त्यावर खुर्च्या आणि सतरंजी दोन्ही दिसल्यावर ती क्षणभरही थांबली नाही. ती सभेत जाऊन बसली.

ती सतरंजी कामवाल्या बायकांसाठी, गार्ड आणि ड्रायव्हरांसाठी होती. रहिवासी खुर्च्यांवर होते. आईला कुणी विचारलं नाही की तुम्ही कोण. सतरंजीवर बसली, एवढं पुरेसं होतं.

आणि ती तिथे रमली. सरोज ठिपका हातात धरून नुसती बसली होती, तिला चिकटवायची भीती वाटत होती. आईने तिला सांगितलं, “लगाव, लगाव. तुम्हारा बी रस्ता है.” तिचा हात धरून लावायला लावला. मग स्वतःचा हिरवा ठिपका लावला कट्ट्यावर. तिथल्या एका आर्किटेक्ट मुलीला म्हणाली की वळणावर अजून एक कट्टा पाहिजे, म्हाताऱ्या माणसाला एका दमात बागेपर्यंत जाता येत नाही. आणि सरोजला लघवीला जायला जागा पाहिजे. मुलीने मान डोलावली. आई इतकी खूश होती! “चांगली माणसं आहेत गं,” म्हणाली. “सगळ्यांना विचारत होती.”

त्यानंतरची ती बारातघरातली बैठक. आई हौसेने माझ्यासोबत आली. आपण सांगितलेलं झालं का बघायला.

फोटोवर हसून झाल्यावर पुढचं चित्र आलं. कट्टा नाही. कट्ट्याच्या जागी एक कुंडा, त्यात काटेरी झुडपं, कडेला उभे टोकदार दगड. कुणी टेकू नये म्हणून. बाक होते, पण बागेजवळ, आणि मध्ये लोखंडी दांडे. कुणी आडवं होऊ नये म्हणून. इस्त्रीचं टेबल मागच्या बोळात. आणि पुढच्या टप्प्यात गल्लीच्या दोन्ही तोंडांना गेट. कामाला येणाऱ्यांना पास. पास नसेल तर आत यायचं नाही.

बाजूच्या भिंतीवर दोन्ही नकाशे टांगले होते. टेबलावरचा मधोमध, दिवा लावून. सतरंजीवरचा कोपऱ्यात, अर्धा पडद्यामागे गेलेला. मधल्या नकाशात कट्ट्यावर लाल ठिपक्यांची गर्दी. कोपऱ्यातल्या नकाशात त्याच कट्ट्यावर हिरवेच हिरवे.

मी उभी राहिले.  

“फोटो में जो हैं, वो मेरी माँ हैं।”

 ती आर्किटेक्ट मुलगी पांढरी पडली. प्रधानजी माइक धरून हसल्यासारखं करू लागले. “अरे मैडम, सॉरी जी। बिल्कुल पता नहीं चला। आंटीजी तो लगती ही नहीं...”

पुढचं त्यांनी गिळलं. पण काय लगती नहीं ते सगळ्यांना कळलं.

आई माझ्याकडे बघत होती. “काय झालं गं? काय म्हणतायत?”

मी तिला सांगू शकले नाही. सांगितलं काकूंनी. मागच्या रांगेतून वाकून, हळू आवाजात, अगदी मायेने. “अहो, तुम्ही कामवाल्यांत बसलात ना, म्हणून त्यांचा गैरसमज झाला.” आणि मग माझ्याकडे वळून, “तू तरी आधी सांगायचं नाहीस का गं त्यांना? तुमच्यात बसत असतील तसं खाली. इथे चालत नाही ना.”

तुमच्यात.

हा शब्द मी परभणीला ऐकला होता. कॉलेजात ऐकला होता. दिल्लीत हिंदीच्या गर्दीत तो इतकी वर्षं ऐकला नव्हता. माझ्या भाषेतला माणूस भेटला तेव्हा परत ऐकला. त्या गर्दीत माझ्या आईशी मराठी बोलणारं ते एकच तोंड होतं, आणि त्या तोंडाने तिला तिची जागा दाखवली.

आईला आता कळलं. तिने पडद्याकडे बघितलं. तिथे कुंडा होता. मग मांडीवरच्या स्वतःच्या हातांकडे बघितलं. मी तिचा चेहरा ओळखते. वर्गाच्या दाराशी बसवलेल्या पोरीचा चेहरा मी कधी बघितला नव्हता, तो त्या दिवशी बघितला.

प्रधानजी माणूस वाईट नाहीत. त्यांना ते प्रकरण मिटवायचं होतं. ते त्या मुलीला म्हणाले, “आंटीजी का डॉट इधर वाली शीट पे कर दो। फोटो भी बदल दो, प्रेसवाली का अकेले का लगा दो।” आणि मला म्हणाले, “आपका तो डॉट लगा ही नहीं। लीजिए, आप भी लगा दीजिए। आपके घर के दो हो जाएँगे।”

झालं. किती सोपं. आईला कोपऱ्यातून उचलून मध्ये आणायचं. लाल गोलातून आईला काढायचं, सरोजला ठेवायचं. आम्हाला खुर्ची द्यायची आणि आम्ही ती हसत घ्यायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, वर समोसा.

ती मुलगी कोपऱ्यातल्या नकाशाजवळ गेली आणि नखाने हिरवा ठिपका खरवडू लागली. तिला तर कुठला आईचा तेही माहीत नव्हतं.

“राहू दे, बाळ,” आई म्हणाली. मराठीत. “जिथं लावला तिथं राहू दे.”

मुलीला शब्द कळले नाहीत, पण आवाज कळला. तो मास्तरणीचा आवाज होता. तिने हात मागे घेतला.

मी पुढे गेले. प्रधानजींच्या हातातून ठिपका घेतला. हिरवा. कोपऱ्यातला नकाशा पडद्यामागून ओढून बाहेर काढला आणि कट्ट्यावर, सरोजच्या आणि आईच्या आणि बाकी सगळ्यांच्या ठिपक्यांत माझा चिकटवला. अंगठ्याने दाबून.

प्रधानजी समजावणीच्या सुरात म्हणाले, “मैडम, वो शीट तो काउंट ही नहीं होती।”

कुणी त्यांना अडवलं नाही. कुणाला काही वाटलंही नाही. हॉलमधल्या सगळ्यांना ते आधीपासून माहीत होतं. माहीत नव्हतं ते सतरंजीवर बसलेल्यांना. त्यांना ठिपके दिले, चहा दिला, वाकून वाकून विचारलं, त्यांचे फोटो काढले. आणि तो कागद मोजायचाच नव्हता. आईने सरोजचा हात धरून जो ठिपका लावायला लावला, तो कुठेच लागला नव्हता. मला त्या क्षणी जितकं एकटं वाटलं तितकं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मी आईला घेऊन बाहेर पडले.

घरी येऊन तिने शाल काढून घडी घातली. मग म्हणाली, “माझ्यामुळे तुला चार लोकांत खाली बघावं लागलं.”

मी ओरडले तिच्यावर. “असं बोलू नकोस! तू काय केलंस?”  ज्या बाईने आम्हा भावंडांना मान वर करून चालायला शिकवलं, ती माझी माफी मागत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले.

कट्टा फुटला. एका सकाळी मशीन आलं आणि घरघर करत दगड उचकटून गेलं. आई दारात उभी राहून बघत होती. सरोजचं टेबल मागच्या बोळात गेलं, तिथे ऊन नाही आणि गिऱ्हाईकही नाही. आईने बाहेर जाणं सोडलं. दूध आणायला जायचं तरी ती चांगली साडी नेसायची, गळ्यात माळ घालायची, आणि घाईघाईने परत यायची. मी म्हटलं, चल, गच्चीवर जाऊ उन्हात. तर म्हणायची, वर जिना चढवत नाही. दिवसा दिवा लावून ती हॉलमध्ये बसून राहायची. पुन्हा भिंतीला धरून उठायला लागली.

थंडी संपायच्या आत म्हणाली, मला गावी पोचव. मी भांडले, विनवलं, माझी शपथ घातली. ती म्हणाली, “तिथं मला कुणी विचारत नाही मी कोण. इथं पण कुणी विचारलं नाही. पण दोन्हींत फरक आहे ना गं.” मी तिला नांदेडच्या गाडीत बसवलं. ती खिडकीतून हसली. ते हसू ओढून आणलेलं होतं, आणि तिला वाटत होतं मला ते कळणार नाही.

फोनवर ती म्हणते, आता तू ये. मी नाही यायची.

गल्ली तयार झाली. सुंदर दिसते, खोटं कशाला बोलू. फरशा नव्या, दिवे नवे, झुडपांना पिवळी फुलं. कामवाल्या बायका उन्हात उभ्या राहून डबा खातात आणि गार्ड त्यांना हटकतो. आता गेटचं चाललंय. गेटला सगळ्या घरांची लेखी संमती लागते असं समितीने सांगितलं. परवा सकाळी काकू आल्या. हसतमुख.

“अगं, तुझी एकटीची सही राहिली आहे.”

“मी करणार नाही, काकू.”

“का गं? आता तर आईही इथे नाहीत. मग अडचण काय आहे?”

 त्यांना खरंच कळत नव्हतं. त्यांना वाटत होतं, माझं दुःख आईपुरतं होतं आणि आई गेली म्हणजे दुःखही तिच्याबरोबर गाडीत बसून गेलं. पूर्वी मी अशा वेळी काहीतरी मऊ बोलून दार लावलं असतं. त्या दिवशी मी दार उघडं ठेवलं.

“काकू,” मी म्हटलं, “आमच्यात सही विचार करून करतात. ही होणार नाही. कधीच नाही. आणि महापालिकेत मी गेटविरुद्ध हरकत घेतली आहे. एकटीने नाही. सरोजने घेतली, ड्रायव्हरांनी घेतली, स्वयंपाकाच्या बायकांनी घेतली. सुनावणीला आम्ही सगळे येणार आहोत. सरोज स्वतः बोलणार आहे.”

“तिला काय बोलता येणार?” काकू म्हणाल्या.

“ते तुम्ही येऊन ऐका.”

त्या गेल्या. प्रधानजींचा फोन आला, मग समितीतल्या अजून कुणाकुणाचा. मैडम, अडजस्ट कर लीजिए. मैडम, अकेली पड़ जाएँगी. पार्किंगची माझी जागा काढून घेतली. गल्लीत समोर आलेली माणसं मोबाइलमध्ये बघतात. बघू देत. घर माझं आहे, हप्ता मी भरते, आणि रस्ता कुणाच्या बापाचा नाही.

आई परत येणार नाही, हे मला माहीत आहे. ते तुटलंय आणि ते मी जोडू शकत नाही. रोज दुपारी ऑफिसात ऊन काचेवर येतं तेव्हा मला तो कट्टा आठवतो. पण मी हे घर विकणार नाही. दुसऱ्या कॉलनीत जाणार नाही. समजुतीला येणार नाही. सुनावणीत हरले तर वरच्या कार्यालयात जाईन, तिथे हरले तर कोर्टात. या गल्लीच्या तोंडाला गेट लागणार नाही. मी इथे राहते.